तार घरची, वायफाय बाहेरचं

तार लावलेली आहे, वायफायही चालू आहे, मग कॉम्प्युटर कोणत्या वाटेनं जाईल हे ठरवतो कोण? हे मी दादाला विचारलं, केबलवाल्याला विचारलं, गोंदियाच्या दुकानदाराला विचारलं. दादा म्हणाला, "तू तार धर!" केबलवाला म्हणाला, "ऑटोमॅटिक रहता है भाई." दुकानदारानं तर नवीन कॉम्प्युटरच दाखवला! मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. मला समजावत बसायला वेळ कोणाला आहे?

एका कॉम्प्युटरभोवती घरातले पाच जण राहिले की किस्से कोंड्यासारखे साचतात. झाडले तरी कोपऱ्यात उरतातच.

आता आम्ही चारच आहोत. दादाला, म्हणजे माझ्या नितीनदादाला, जाऊन महिना झाला. चार दिवस ताप आला आणि दादा गेला. वहिनीच्या माहेरचे तिला आणि तिच्या तीन वर्षांच्या मुलीला, मैत्रीला, न्यायला टपून बसले आहेत. वहिनीनं त्यांना एकच सांगितलं, "या कॉम्प्युटरच्या टेबलावर मला काम मिळालं तर मी इथंच राहीन. नाही मिळालं तर येते."

*

आमचं गाव कोहमाऱ्याजवळ. समोरच्या खोलीत दादा लोकांचे फॉर्म भरायचा. प्रिंटर जुना, नेटवर्कच्या तारेवर चालणारा. इंटरनेट वायफायवर. तार लावली की इंटरनेट बंद. तार काढली की प्रिंटर बंद! मग दादानं त्यावर इलाज शोधला, तो म्हणजे मी. वीस वर्षांचा घोडा टेबलाखाली बसलेला, आणि वरून हुकूम, "काढ! लाव! काढ बे लवकर!"

एकदा एक म्हातारी फॉर्म भरायला आली. वाकून तिनं टेबलाखाली पाहिलं.

"नितीन, पोट्ट्याले तिथं काऊन बसवलास गा? काही चोरलं का त्यानं?"

"नाही आजी. इंजिनियर आहे तो आमचा!"

*

आईचा विश्वास तारेवर. "तारेतून गेलेलं पोहोचते. हवेतलं काय गा, वारा आला का उडून जाते."

सालेकशाच्या मावशीशी ती व्हिडिओवर बोलत होती. मावशी तिच्या सुनेबद्दल सांगू लागली. गोष्ट महत्त्वाची आहे, हवेत उडायला नको, म्हणून आईनं स्वतः वाकून तार लावली. मावशी तोंड उघडं ठेवून तिथल्या तिथे थिजली!

दादा हसून हसून खुर्चीवरून खाली आला. आई हरली नाही. म्हणाली, "पाह्य, किती इमानदार आहे तार. कोणाची चुगली चालू देत नाही!"

*

मग एका दुपारी दादानं कपाळावर हात मारला. प्रिंटर बसवताना त्यानंच घोळ घातला होता. तारेच्या सेटिंगमध्ये 'गेटवे' म्हणून एक खाना असतो. बाहेर जायचा रस्ता कोणता, ते तिथं लिहायचं. दादानं तिथं प्रिंटरचाच पत्ता टाकून ठेवला होता!

"म्हणजे इतके महिने हा इंटरनेट मागायला प्रिंटरकडं जाऊन राहिला होता बे!"

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मालकावरच गेला. तुम्ही चष्मा शोधायला फ्रिज उघडता."

दादानं तो खाना कोरा केला. तार घरच्या कामाला, वायफाय बाहेरच्या कामाला. दोन्ही एकदम चालू! सगळे खूश. मी मात्र दोन दिवस रुसलो. माझी नोकरी गेली होती!

*

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी एक माणूस आला. आधार कार्डाच्या झेरॉक्स पाहिजेत म्हणाला. मी म्हटलं, दादा नाही आता. तो म्हणाला, "मशीन तर आहे ना?"

माझं डोकं फिरलं. मी तार उपटली आणि अंगणातून छपराच्या कवेलूवर फेकली.

वहिनी बाहेर आली. बांबू आणला, तार खाली ओढली, पदरानं पुसली, लावली. त्या माणसाला विचारलं, "किती काढू?"

"दोन."

दोन काढून दिल्या. तो गेल्यावर माझ्याकडं वळली. "भाऊजी, रडायचं असेल तर रडा. पण तार मला लागते."

*

नागपूरच्या एका कंपनीला घरून मराठी टायपिंग करणारी माणसं पाहिजे होती. वहिनीचा इंटरव्ह्यू व्हिडिओवर ठरला. अट अशी, की पत्र लगेच पाठवू, तिथंच छापून, सही करून, स्कॅन करून परत धाडायचं. म्हणजे तारही पाहिजे आणि वायफायही.

नेमकं त्या सकाळी हार्वेस्टरनं रस्त्यावरची केबल तोडली! इंटरनेट मेलं. माझ्या फोनला आमच्या गावात रेंज नाही. मी पेटी उघडली. दादाचा फोन त्या दिवसापासून बंद करून ठेवलेला होता. चार्ज केला आणि न्हाणीच्या स्लॅबवर चढलो, तिथं त्याच्या सिमला रेंज येते. हॉटस्पॉट चालू केला.

"वहिनी, पासवर्ड मागते का?"

खालून माउस टिकटिकला. मग म्हणाली, "नाही. आपोआप जुळलं."

इंटरव्ह्यू सुरू झाला. मी फोन डोक्यावर धरून उन्हात उभा. तेवढ्यात फोन वाजला. 'ट्रकवाले भाई.' त्या जुन्या फोनवर कॉल उचलला की नेट बंद पडतं. मी कापला. पुन्हा वाजला. कापला. सात वेळा! खाली प्रिंटर घुरघुरला. पत्र आलं होतं.

शेवटी वहिनी अंगणात धावत आली. महिन्यात पहिल्यांदा तिचे दात दिसले. "भाऊजी, झालं! सोमवारपासून!"

फोन आठव्यांदा वाजला. मी उचलला.

"अरे नितीन भाई, कहाँ हो यार? कब से लगा रहा हूँ! मेरा लायसन्स का फारम भरा क्या? कोहमारा में ढाबे पे खड़ा हूँ."

मी म्हटलं, "भैया काम में है. आप आ जाओ, भाभी कर देगी."