तिची सही पुरते

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्हरांड्याच्या टोकाची खोली आमची, कुटुंब नियोजनाची. बाहेर सर्दी-तापाचे पेशंट मोठ्यानं बोलतात, आमच्या खोलीत आलं की माणूस कुजबुजायला लागतं. आणि कुजबुजून सांगितलेली गोष्ट विसरता येत नाही. त्यामुळे मी इथे सिस्टर म्हणून आल्यापासून किस्से साचतच गेलेत.

कायदा तसा सोपा आहे. बाई सज्ञान असेल, फार महिने गेले नसतील आणि डॉक्टरांना कारण पटलं, तर गर्भपाताला तिची एकटीची सही पुरते. एवढंच वाक्य. पण ते लोकांच्या पचनी पडता पडत नाही.

*

आता बोर्डाचंच घ्या. दवाखान्याच्या दारातच मोठा बोर्ड आहे, 'गर्भलिंग निदान करणे गुन्हा आहे'. बोर्ड योग्यच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आमच्याकडे यायला निघालेली बाई तो पाहते, तिला वाटतं आपण जे करायला आलो तोच गुन्हा, आणि ती तिथूनच माघारी वळते. अशा कितीतरी बाया आमच्या शिपाईमामांनी पाहिल्यात.

आमच्या डॉक्टर मॅडम कोल्हापूरकडच्या, त्यांना हे सहन होईना. त्यांनी शेजारी दुसरा बोर्ड लावला, 'नियमांत बसणारा गर्भपात कायदेशीर आहे'. पुढच्याच तपासणीला मोठे साहेब आले आणि बोर्ड पाहून घाबरले. त्यात चूक काही नाही, पण असं दारात बरं दिसत नाही, म्हणाले. बरीच चर्चा झाली आणि शेवटी तडजोड निघाली. बोर्ड आमच्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला लागला.

आता आत येऊन, दार लावून, खुर्चीत बसलेल्या बाईला तो अगदी स्पष्ट दिसतो!

*

एक नवरा बायकोसोबत आला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मॅडम बायकोशी बोलत होत्या तेवढ्यात यानं पेनाचं टोपण काढून ठेवलं. मॅडम म्हणाल्या, तुमची सही लागत नाही, यांचीच लागते.

त्याचा चेहराच उतरला. "मंग मी कायले आलो?"

"त्यांना घरी न्यायला. गाडी तुम्हीच चालवता ना?"

तो गुपचूप बाहेर जाऊन बाकावर बसला. मला वाटलं, आता हा रागावून निघून जाणार. दुपारी पाहते तर चार माणसं भोवती घेऊन हा समजावून सांगतोय, "बायकोचीच सही लागते. नवऱ्याची चालत नाई. कायदा हाय." इतकी वर्षं आम्ही जनजागृती करतो, पण असं ठासून आम्हाला कधी सांगता आलं नाही.

*

आमच्याकडे येणारी बाई पहिल्यांदा कधीच खरं सांगत नाही. "पोट दुखून राह्यलं," एवढंच म्हणते. आमची नवी समुपदेशक मुलगी मोठी हुशार. ती अशा बाईला हळूच खोलीत घेते, दार लावते आणि मग सगळं समजावून सांगते.

एकदा तिनं एका आजींना तशाच आत घेतलं. आजी पदर डोक्यावरून चांगला खाली ओढून बसलेल्या, त्यामुळे वयाचा अंदाज आला नसावा. मुलीनं कॉपर-टी सांगितली, गोळ्या सांगितल्या, नवऱ्याला कसं समजवायचं तेही सांगितलं. आजींनी मन लावून ऐकलं.

"लय चांगलं सांगतलं बाई," त्या म्हणाल्या, "पण म्या काल रोडगे जरा जास्त खाल्ले."

*

लग्न न झालेल्या पोरींचं मात्र हसू येत नाही. नालवाडीत खोली करून राहणारी, नोकरी करणारी एक मुलगी आली. गळ्यात मंगळसूत्र. मी ते पाहिलं आणि थबकले, कारण तेच मंगळसूत्र, तीच तुटून दोऱ्यानं बांधलेली वाटी, मी काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका मुलीच्या गळ्यात पाहिली होती. दोघी मैत्रिणी निघाल्या. खोली भाड्यानं घ्यायला आणि दवाखान्यात यायला त्यांनी मिळून एक घेऊन ठेवलं होतं.

मॅडम तिला म्हणाल्या, कायद्यात मंगळसूत्राचा कुठेही उल्लेख नाही. मुलीनं ते काढून पर्समध्ये टाकलं आणि मान खाजवत म्हणाली, "सकाळपासून चावून राह्यलं होतं." मग जी रडली ती बराच वेळ.

*

आणि ही गिरडकडची सून. दोन लहान लेकरं. मागच्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं होतं की वाचली हेच नवल. आता पुन्हा दिवस गेलेले. नवरा बुटीबोरीला कंपनीत, त्याला आणखी एक मूल हवंच होतं. तिला नको होतं. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती खोटी नव्हती, मॅडमनीही तपासून तेच सांगितलं.

सोबत सासू होती. अशक्तपणाची सुई घ्यायला जायचं, असं सांगून सुनेनं तिला आणलेलं. सासूला बाहेर बसवल्यावर सून माझा हात धरून म्हणाली, "माह्या सासूले सांगू नका. तिनं गिरडच्या दर्ग्यातल्या बाबाले शब्द देला हाय, खोटं बोलत नाई. पोरानं विचारलं तं सांगूनच टाकते."

सुनेला आत नेलं आणि मी बाहेर आले. सासूनं लगेच मला गाठलं. मी पाठ केल्यासारखं सांगितलं, पेशंटचं कारण आम्हाला कुणाला सांगता येत नाही.

"मले बी नाई?"

"तुम्हालाही नाही."

"अन् माह्या पोरानं इचारलं तं?"

"नवऱ्यालाही नाही. कायदाच आहे तसा."

तिनं पिशवीतून फोन काढला आणि पोराला लावला. "दवाखान्यात आहो. तिले आत नेलं. कायले ते मले कोणं सांगतलं नाई. म्या सिस्टरले इचारलं, पण ते सांगत नाई. कायदा हाय म्हणते. तुले बी सांगत नाई."

फोन ठेवून तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. झाकण उघडून पाहिलं तर डिंकाचे लाडू.

"काल वळले. उठली की दोन देजा तिले," ती म्हणाली. "मागच्या खेपेले लय रक्त गेलतं तिचं, मीच होती उशाशी. अन् मले काई सांगू नका."