नोंदवाली बाय

समोरच्याचं बोलून पूर्ण झालं की ती चष्मा कपाळावर सरकवायची, पेनाला टोपण लावायची आणि म्हणायची, "बरं. आनि मंग?"

आवाज चढलेला नसे, चेहऱ्यावर हसूही नसे. पण एवढ्याशा प्रश्नानं मी भल्याभल्यांना चुळबुळताना पाहिलंय. एकदा एका पुढाऱ्यानं मच्छीमार सोसायटीच्या अंगणात उभं राहून सांगितलं, दोन वर्षांत इथे मोठं शीतगृह होणार. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर पायरीवरून आवाज आला, "बरं. आनि मंग?" आठ-आठ तास वीज जाते तिथे शीतगृह कशावर चालणार, एवढाच त्याचा अर्थ. पुढाऱ्यानं नारळपाणी मागितलं.

तिला बघायला आलेल्या मंडळींनाही तिनं हेच विचारलं होतं म्हणे. मुलाची आई म्हणाली, "आमची सून नोकरी करनार न्हाय, घरात आरामात बसंल." "बरं. आनि मंग?" मंडळी पोहे अर्धवट टाकून उठली. ही गोष्ट ती स्वतःच रंगवून सांगायची, आणि वाईट वाटायचं ते फक्त पोह्यांचं.

तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही. मुरुडच्या कोळीवाड्यात सगळे तिला 'बाय' म्हणत आणि दुसरी कुठली बाय नव्हे हे कळावं म्हणून 'नोंदवाली बाय'. पहिल्या भेटीत मी तिला "तुम्ही" म्हटलं, तर दुसरं कोणी आलंय का म्हणून तिनं मागे वळून पाहिलं. तेव्हापासून मीही "तू"च म्हणू लागले.

माझं तेव्हा एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सोसायटीचा प्रिंटर महिन्यातून एकदा तरी रुसायचा, त्यामुळे आमची गाठ पडली. बाय तिथे कारकून होती. पत्रं, सभासदांचे अर्ज, डिझेलचे कागद असं सगळंच बघायची, पण तिचा जीव एका वहीत होता. कुठली होडी कधी निघाली, तिचा तांडेल म्हणजे प्रमुख कोण, खलाशी कोण, परत कधी येणार, याची ती वही. होडी निघण्याआधी प्रत्येक खलाशानं तिच्यासमोर उभं राहायचं, नाव-गाव सांगायचं आणि घरच्या माणसाचा फोन नंबर द्यायचा. एखादा म्हणाला, "कशाला बाय, आपन काय हरवतोय काय?" तर ती पेन रोखून बसायची, नंबर मिळेपर्यंत.

पुढे सोसायटीनं ठरवलं, आता ही नोंद कॉम्प्युटरवर घ्यायची. चेअरमननी वाशीच्या एका कंपनीच्या माणसाला बोलावलं आणि स्थानिक म्हणून मलाही. कंपनीकडे तयार सॉफ्टवेअर होतं. मी सुचवत होते ओपन सोर्स डेटाबेस. माहिती ठेवण्याचं काम दोन्ही सारखंच करतात. फरक असा, की पहिलं एका कंपनीच्या मालकीचं असतं आणि तिच्या परवान्यावर चालतं. दुसरं जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं असतं, कोणीही घ्यावं, उघडून बघावं, वापरावं.

सात सभासद, चहा, बटाटेवडे. कंपनीच्या माणसानं भिंतीवर चित्रं दाखवली. मोबाइलवर नोंद, नकाशावर होड्या, अडचण आली तर फोनवर मदत. "सर, आपको कुछ करायचंच नाही. सगळा आम्ही बघतो!" चेअरमन खूश झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं फुकटचं हाय ना? फुकटच्या जाळ्याला भोकं जास्त असतात, पोरी."

बायनं चष्मा वर सरकवला. "परवान्याची मुदत संपली की?"

"मॅडम, रिन्यू करायचं. एक क्लिक."

"बरं. आनि मंग? न्हाय केलं तर?"

"तर स्क्रीन लॉक होते. पण डेटा एकदम सेफ!"

"सेफ हाय, पन मला दिसनार न्हाय."

सभासद हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसले, आणि तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

"तुझं कोनी बनवलंय?"

"जगभरच्या लोकांनी."

"त्यातलं मुरुडात कोन राहतंय?"

"म्हणजे... मी आहे ना."

"बरं. आनि मंग? तुला उद्या पुन्यात नोकरी लागली, तर आमी हाक कोनाला मारायची?"

 मी वडा खाल्ला. सोसायटीनं कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं.

खरं सांगायचं तर ते चांगलं होतं. मी दोष शोधायच्या तयारीनं जायचे आणि हिरमुसून परत यायचे. बाय मोठ्या अक्षरांच्या पडद्यावर झरझर नोंदी करायची, फोनवरच्या मदतवाल्या मुलीला "बाळा" म्हणायची. वर्ष निघालं, दुसरंही निम्मं गेलं. एक दिवस मी पाहिलं, टेबलावरची वही नाहीशी झाली होती.

"दोनदा कशाला लिहायचं?" बाय म्हणाली. "चांगलं चाललंय."

दिवाळीच्या आधीची गोष्ट. रविवारी दुपारी बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला. वारा फिरला होता. बायनं सोसायटीचं कुलूप काढून कॉम्प्युटर सुरू केला आणि मला फोन केला. पडद्यावर होड्यांच्या जागी निळी पाटी होती: आमची कंपनी आता एका मोठ्या कंपनीचा भाग झाली आहे, आपली माहिती हलवण्याचं काम चालू आहे, नव्या प्लॅनसाठी कामकाजाच्या दिवशी संपर्क साधा. मदतीच्या नंबरवर गाणं वाजत होतं. मी अर्धा तास ते ऐकलं.

बाय उठली. जुन्या कॅलेंडरची पानं घेतली, पायरीवर बसली आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. बायका येत गेल्या, ती विचारत गेली. "तुझा नवरा कोनाच्या होडीवर? सोबत कोन?" निम्म्याहून जास्त तिला पाठ होतं. संध्याकाळपर्यंत सतरा होड्यांपैकी सोळांची पानं भरली. त्यांतल्या बऱ्याच होड्यांशी वायरलेसवर बोलणंही झालं, त्या परतीच्या वाटेवर होत्या.

सतराव्या होडीवर तांडेलाखेरीज तीन खलाशी होते. आठवड्यापूर्वीच लांबून, उत्तरेकडून आलेले. त्यांची नावं बायनं स्वतःच्या हातानं पडद्यावर भरली होती आणि भरली म्हणूनच लक्षात ठेवली नव्हती. त्या होडीचा वायरलेस लागत नव्हता.

"होडीचं नाव ठाऊक हाय," ती म्हणाली, "मानसांचं न्हाय." आणि पुढे, "त्यांच्या आयांना कोन सांगनार, आनि कनच्या गावी?"

मी तिला रडताना कधी पाहिलं नाही, तेव्हाही नाही. ती फक्त त्या कोऱ्या पानावरून हात फिरवत राहिली.

सकाळी फोन आला. होडी पलीकडे दिघीच्या खाडीत आसऱ्याला गेली होती, सगळे सुखरूप. कोळीवाड्यात ओरडा झाला, कुणीतरी पेढे आणले. बायनं पेढा पदराला बांधला आणि मला म्हणाली, "चल." आम्ही आगरदांड्याला गेलो आणि पहिल्या बोटीनं दिघीला उतरलो.

ते तिघं धक्क्यावर पाव खात बसले होते. चांगले मोठे बाप्ये, एकाच्या मिश्या ओठांवरून खाली आलेल्या. बायनं समोर बसून प्रत्येकाचं नाव, आईचं नाव, गाव आणि नंबर लिहून घेतला. मग हात जोडून तिच्या हिंदीत म्हणाली, "माफी करो. मेरा गलती हाय." ते तिघं गोंधळून एकमेकांकडे बघायला लागले. चूक वाऱ्याची होती, या बाईची कशी, हे त्यांना कळेना. मिशीवाल्यानं घाईघाईनं आपला पाव मोडून अर्धा तिच्या हातात दिला. तिनं पदराच्या गाठीतला पेढा सोडून त्याला दिला.

परतीच्या बोटीत ती म्हणाली, "तुझं ते फुकटचं शिकव मला."

मला जिंकल्यासारखं वाटलं आणि ते चेहऱ्यावर दिसलं असणार.

"हसू नको. कंपनीला मी वाईट म्हनत न्हाय. वही मी बंद केली, कंपनीनं न्हाय. तुझं यंत्रबी उद्या दगा देईल. पन ते उघडता येतं ना आतून? मंग मला आतून शिकव. तू पुन्याला गेलीस तरी अडायला नको."

पंधरा दिवसांनी कंपनीनं सगळी जुनी माहिती एका फाइलमध्ये पाठवली, सोबत माफीचं पत्र. बायनं ते पत्र वाचलं आणि "भले लोक हायत" म्हणून जपून ठेवलं. मग आम्ही कामाला लागलो.

पन्नाशी ओलांडलेल्या बाईला डेटाबेस शिकवायचा म्हणजे मी मनाची तयारी केली होती. तिनं तयारी केली होती ती वेगळीच. दोनशे पानी वही, वर लाल पेनानं 'यंत्राला सांगायचं ते' असं लिहिलेलं. इंग्रजी आज्ञा तिनं चित्रं काढावीत तशा उतरवून घेतल्या. आज्ञेच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो, नाहीतर यंत्र नुसतं थांबून राहतं. ती विसरली की मला हसू यायचं, पण तिला यंत्राचं कौतुकच वाटायचं. "बघ कसं गप बसलंय! बोलनं संपलं असं सांगितल्याबिगर मधी तोंड घालत न्हाय. आमच्या कमिटीला हे शिकव."

एकदा तिनं एकाच आज्ञेत सगळ्या होड्यांचे तांडेल बदलून एकच तांडेल करून टाकला. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकच नाव! तो तांडेल नेमका अर्ज घेऊन आला होता. त्यानं ते पाहिलं आणि छाती फुगवून म्हणाला, "राहू दे असंच." आदल्या दिवशी घेतलेल्या बॅकअपच्या प्रतीवरून आम्ही सगळं परत आणलं.

त्या दिवसापासून तिला प्रतींचं वेड लागलं. तीन पेनड्राइव्ह, तीन घरांत. एक चेअरमनच्या बायकोच्या मिठाच्या बरणीशेजारी होता, तो मी तिथून हलवायला लावला. दर महिन्याला ती एक प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचीच. मी म्हटलं, "बाय, प्रत घेतलीय ना, झालं की." तर म्हणाली, "होडी गेली एवढं लिवून भागतं का? परत आली का ते बघायला लागतं." पुढे पुण्यात मी मोठमोठ्या कंपन्यांत हे वाक्य वापरलंय. कोणाचं ते सांगितलं नाही.

बोर्ली पंचतनहून एका दवाखान्याची माणसं सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं याचा तिचा सल्ला घ्यायला आली. आपल्याकडचं सुचवायला मी तयारच होते. बायनं विचारलं, "यंत्राजवळ बसून शिकनारं तुमच्याकडं कोन हाय?" ते म्हणाले, "कोणी नाही, सगळे पेशंटमध्ये." "मंग विकत घ्या," बाय म्हणाली. "पन कागदावर लिवून घ्या, आमचं सगळं आमाला कवाबी काढून मिळंल, दुसऱ्या यंत्रात उघडंल अशा रीतीनं. आनि पयल्याच महिन्यात काढून बघा." ते गेल्यावर मी चिडले. "तू आपल्या बाजूनं बोलायचं सोडून..." ती म्हणाली, "आपली बाजू कनची? त्यांचा दवाखाना चालला पायजे." मला पुन्हा वडा खावा असं वाटलं, पण त्या दिवशी वडे नव्हते.

मग तिनं म्हटलं होतं तसं झालं. मला पुण्यात नोकरी लागली. मी दुकान आवरलं, तेव्हा ती अजिबात हळवी झाली नाही. पोह्याचे पापड दिले आणि म्हणाली, "जा. अडत न्हाय." खरंच अडलं नाही. पहिल्या वर्षात तिचा एकच फोन आला. नवी आवृत्ती घालताना काहीतरी बिनसलं होतं. भाचीकडून इंग्रजीत लिहून घेऊन तिनं तो प्रश्न इंटरनेटवर, ज्यांनी ते बनवलं त्या लोकांतच टाकला होता.

"ब्राझीलच्या एका मानसानं उत्तर दिलं," ती सांगत होती. "सारं नीट झालं. मुरुडात राहत न्हाय, पन गुनी हाय."

मग फोन कशाला केलास, असं मी विचारलं.

"त्याला आभार कसं लिवायचं ते सांग."

ती निवृत्त झाली तेव्हा मी मुद्दाम आले. तोवर तिनं कोळीवाड्यातल्या दोन सुनांना सगळं शिकवून ठेवलं होतं. शाल, नारळ, भाषणं झाली. चेअरमननी विचारलं, "बाय, तुला सोसायटीकडून काय पायजे ते माग." भांडी, मिक्सर असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

"एकदा होडीनं खोल पान्यात न्या," बाय म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तेव्हा कुठे आमच्या सगळ्यांच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं जाणारी-येणारी प्रत्येक होडी लिहिणारी ही बाई खाडीच्या तोंडाबाहेर कधी गेलीच नव्हती. बाईमाणसानं मासेमारीच्या होडीवर जायचं नाही, ही जुनी रीत. एक म्हातारा तांडेल तसं पुटपुटलाही. मग तोच उठला आणि म्हणाला, "सकाळी सहाला ये. माझ्या होडीवर."

नंतर ती बहिणीकडे दिघीला राहायला गेली आणि आमची भेट काही झालेली नाही. माझ्याकडे आहे ती त्या सकाळचीच बाय. ओचा खोचलेलं काष्टा लुगडं, केसांत अबोली, होडीच्या पुढच्या टोकाशी फळीवर बसलेली. धक्क्यावरच्या बायका हाका मारत होत्या, मी हात हलवत होते. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. खाडीच्या तोंडाशी पहिली मोठी लाट आली, होडीचं टोक उचललं गेलं, तशी ती दोर धरून उभी राहिली. "बस, बाय, बस!" असं तांडेल ओरडत असणार, त्याचे हात दिसत होते. ती बसली नाही.