आबांच्या पाठीमागचा ढोल

आमच्या दारावरून उसाचे ट्रॅक्टर जातात. कारखाना सुरू झाला की दिवसभर जातात आणि प्रत्येकाला वाटतं, गाव आपल्याच गाण्यावर उठलं-बसलं पाहिजे. हंड्याएवढाले स्पीकर, आणि बेस असा की आईच्या मांडणीवरची ताटं थरथरतात. मी रोज त्यांना शिव्या घालायचे. एका सकाळी मात्र शिवी अर्ध्यावरच राहिली. आबा ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसले होते. ट्रॅक्टर अजून वळणापलीकडं होता, दिसतही नव्हता, आणि आबा म्हणाले, "ढोल कुणाचा गं वाजतोय?"

आबा म्हणजे माझे वडील. तोफखान्यातून रिटायर होऊन आले ते कान तिकडंच ठेवून. आधी आम्ही जरा मोठ्यानं बोलायचो, मग ओरडायचो, मग हातवाऱ्यांवर आलो. कानातलं मशीन लावलं की त्यांना शिट्ट्या ऐकू यायच्या, माणसं नाहीत, म्हणून ते डबीत पडलं. एके काळी गावच्या लेझीम पथकात ढोल त्यांच्या गळ्यात असायचा. आता ते जत्रेला जात नाहीत, लग्नाला गेले तरी कोपऱ्यातली खुर्ची धरतात. कुणी काही बोललं की हसून मान हलवतात. त्यांना काहीही कळलेलं नसतं. ते हसू मला बघवत नाही, आणि माझा आवाज त्यांना शेवटचा कधी पोचला तेही मला आठवत नाही.

आणि ह्या माणसाला ढोल ऐकू आला होता! मी तिथंच ठरवलं, आपल्या व्हॅनमध्ये हे बसवायचं.

"दुधाच्या गाडीत डीजे?" आई म्हणाली. "आगं, लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत."

मी माहेरीच राहते. दूध डेअरीला घालते, विहिरीवरची मोटर आणि तिचा स्टार्टर मीच बघते. मोटर सारखी जळायला लागली तेव्हा वायरमनच्या नाकदुऱ्या काढून कंटाळले आणि स्वतःच मीटर घेऊन शिकले. त्यामुळं वायरीला मी भीत नाही. वायरीला न भिणाऱ्या माणसांना मात्र भिते.

आधी आबांना सांगलीला डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, बारीक आवाज गेलाय, जाड थोडा शिल्लक आहे, आणि हादरा तर अंगालाही कळतो. पण मोठ्यानं लावाल तर उरलंसुरलंही जाईल. म्हणजे आबांना ढोल पोचवायचा, पण कान न खाता. हे डॉक्टरांनी बजावलं नसतं तरी मी पाळलं असतं. उरलंय तेवढंच आमचं.

तिथंच सांगलीत गाडीचे साउंड बसवणारं दुकान होतं. मी दोन सबवूफर, म्हणजे नुसत्या जाड आवाजाचे स्पीकर, आणि त्यांना ताकद देणारा एक अँप्लिफायर घेतला. खोक्यावरचा ठळक आकडा नुसता मिरवायला असतो. सलग किती ताकद देईल किंवा सोसेल, तो बारीक अक्षरातला आकडा बघायचा. मी तो दोन्हींचा बघून जोडी जुळवली होती. पण जोडायला लागले दुकानदार. मला म्हणाले, "ताई, तुमी सावलीत बसा. लय घुमंल बघा." मी बसले. इथं माझं चुकलं असं कुणी म्हणेल, पण दुसऱ्याच्या दुकानात कुणाच्या हातातला पाना ओढून घेता येत नाही.

घुमलं खरं. आबा शेजारच्या सीटवर होते. ढोल सुरू झाला तसे ताठ झाले, सावधानमध्ये उभं राहावं तसे. मग हात मांडीवर ठेका धरायला लागला. घरी परतताना आष्ट्याच्या अलीकडं एकदम सगळं बंद. गाडी बाजूला घेतली, मागं वाकून बघते तर अँप्लिफायरवर लाल दिवा, आणि हात लावला तर तव्यासारखा तापलेला.

"गेला?" आबांनी विचारलं.

त्यांचा चेहरा इतका पडला की मला रडू यायला लागलं. "न्हाई गेला!" मी ओरडले. बहिऱ्या माणसावर ओरडून काय उपयोग, पण ओरडले. "मी हाय न्हवं!"

दुकानात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "फ्यूज मोठा टाका. न्हाईतर त्याच्या जागी सरळ तार मारा, काय होत न्हाई."

माझं डोकंच सटकलं. तार मारणं हा आमच्याकडं सगळ्या दुखण्यावरचा इलाज आहे. डीपीचा फ्यूज उडाला, मारा तार. घरातला बोर्ड बंद, मारा तार. फ्यूज बिचारा जाग्यावर मरतो तो वायर वाचवायला, आणि आपण त्यालाच शहाणपण शिकवतो. तार मारलेली स्टार्टरची पेटी काळी ठिक्कर झालेली मी डोळ्यांनी बघितली आहे. आणि ही पेटी नव्हे, पेट्रोलची गाडी होती, आत माझा बाप बसणार होता. "तुमच्या वडलांना बसवा त्यात," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी धार काढून झाली तशी व्हॅन गोठ्यासमोर लावली. आई म्हणाली, "आता हे उचकटून ठेवशील आणि दूध डोक्यावरनं नेशील." मी आधी बॅटरीची तार सोडली, मग बाकी सगळं.

प्रत्येक सबवूफरला तारेच्या वेटोळ्यांच्या दोन कॉइल होत्या. पठ्ठ्यानं चारही शेजारी शेजारी जोडल्या होत्या. मीटर लावला तर विजेला अडथळा एक ओहमसुद्धा भरेना. अँप्लिफायरवर मात्र स्वच्छ छापलेलं, दोन ओहमच्या खाली नको. रानात एका वेळी सगळ्या सऱ्यांची दारं मोकळी केली तर पाणी जोरात धावतं, पण मोटर ऊर फुटेस्तोवर ओढत राहते. तसंच झालं होतं. मोठ्या फ्यूजनं ते थांबलं नसतं, फक्त जळायला मोकळीक मिळाली असती. मग मी एका सबवूफरच्या दोन कॉइल एकापाठोपाठ एक जोडल्या, दुसऱ्याच्याही तशाच, आणि मग त्या दोन जोड्या शेजारी शेजारी. मीटर दोनच्या आसपास आला. छापल्याप्रमाणं आणि हिशोबाप्रमाणं.

मग बॅटरीकडं वळले. मुख्य वायर बॅटरीपासून मागपर्यंत सरळ आणलेली, फ्यूज मागं अँप्लिफायरजवळ. म्हणजे मधे कुठं वायर घासून पत्र्याला लागली तर सबंध बॅटरी त्यातून वाहणार आणि फ्यूज मागं बसून बघत राहणार. मी बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज घेतला, वायरीला झेपेल तेवढाच. पत्र्यातून वायर जाते तिथं रबर बसवलं. अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळला होता, आणि रंगातून वीज जात नाही. रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडला आणि पुन्हा आवळला. गेनचा, म्हणजे स्टिरिओ आणि अँप्लिफायर जुळवायचा स्क्रू दुकानदारांनी पार शेवटाला नेला होता, जणू ते आवाज वाढवायचंच बटण आहे. सबवूफर सुटे ठेवून, मोबाइलवर एकसुरी आवाज लावून, किती व्होल्टला थांबायचं ते आधी काढलं आणि मीटर बघत तो स्क्रू बसवला. त्याच्याही बराच खाली, डॉक्टरांसाठी.

तापतोय का बघायला उन्हात बराच वेळ वाजवला. हात लावला, कोमट. पुन्हा लावला, कोमटच. मग आबांना बोलावलं.

ते बसले, पाठ सीटला टेकली. मी लेझमीचा ढोल लावला. आबांचे डोळे मिटले. थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणाले, "डावा हात मागं पडतोय ह्याचा. कोण हाय गं हा गडी? आमच्या पथकात उभा केला नसता." आई दारातून हसली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मला तर नाचावंसं वाटत होतं.

"वाढीव," आबा म्हणाले.

मी मान हलवली. नाही.

"वाढीव म्हणतो न्हवं!" हुकूम सुटला. त्यांना हवालदारकीची सवय आहे. मी कान दाखवला, बोट हलवलं, आणि स्टिरिओवर हात ठेवून बसले. बराच वेळ आम्ही एकमेकांकडं डोळे वटारून बघत होतो. मी हटले नाही. शेवटी त्यांनी तोंड फिरवलं, पण हात पुन्हा ठेक्यावर गेला.

ढोल संपला. आबा माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्यातनं तू बोल की."

सबवूफरला बारीक आवाज जाऊ नये म्हणून एक स्क्रू असतो, तो मीच खाली आणून ठेवला होता. बाईच्या आवाजाला त्यात जागाच नसते. हे मी त्यांना हातवाऱ्यांनी कसं सांगू? मागं गेले, तो स्क्रू वर जाईल तेवढा नेला, मोबाइल तोंडाशी धरला, छातीतून जमेल तेवढा घोगरा आवाज काढून "आबा" असं लांबवून रेकॉर्ड केलं आणि हळू आवाजात लावलं.

आबा दचकले. "म्हस हंबरली का गं?"

मी हसले आणि त्याच वेळी मला हुंदकाही आला. पण सोडायचं नव्हतं. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, चेहरा त्यांच्या चेहऱ्याजवळ आणला, पुन्हा लावलं आणि त्याबरोबर ओठ हलवले.

त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं. एक हात सीटच्या पाठीवर पसरला, दाबून धरला. मी पुन्हा लावलं.

"आबा म्हणालीस," ते म्हणाले. "व्हय?"

मी मान हलवली. हो.

"परत म्हण," आबा म्हणाले.