लांबवलेला पाळणा

मिस्त्रींनी मालकांवर डूख धरला होता, आणि का धरू नये? तापाची साथ आली तेव्हा माल थांबू नये म्हणून मालकांनी सूतगिरणीच्या गेटला कुलूप ठोकलं. कामगार आत, बायकापोरं बाहेर. मिस्त्री गिरणीतले सुतार. त्यांच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि तिला ताप चढला. शेजारीण गेटवर येऊन ओरडून गेली. मिस्त्रींनी मालकांचे पाय धरले. मालक म्हणाले, हातातली ऑर्डर संपू दे, मग बघू. ऑर्डर संपली. मिस्त्री घरी पोचले तेव्हा बायकोची खाट धुऊन उन्हात टाकलेली होती.

साथ गेली, पण वस्तीत पाळणा हलेना. तापाने नेमकी तरणीताठी माणसं नेली होती आणि उरलेल्यांनी धसका घेतला होता. मिस्त्रींची भावजय तर उघड म्हणायची, पोटचं पोर काय या गेटाआड कोंडायला जन्माला घालू? आधी शाळेतला पहिलीचा वर्ग बंद पडला. वर्षं गेली तसे गिरणीत नवे हात यायचे थांबले, अर्धी यंत्रं चादरी पांघरून बसली. मालकांना वस्तीची काळजी लागली ती तेव्हा. एरवी त्यांना कशाचं काही नव्हतं.

लोक पाळणा लांबवतात, अशी तक्रार करत त्यांनी शक्कल काढली: घरटी एक पाळणा फुकट. नमुन्याचा पाळणा मिस्त्रींनी करायचा आणि सगळ्यांसमोर त्याच्यावरचा कपडा मालकांनी काढायचा. मिस्त्री बरं म्हणाले आणि दार लावून कामाला बसले.

समारंभाला मालक वस्तीच्या काळजीवर भरभरून बोलले आणि त्यांनी कपडा ओढला. पाळणा देखणा होता, कठडे गुळगुळीत, आणि मोठं माणूस पाय पसरून झोपेल एवढा लांब.

"हे काय, मिस्त्री?"

"लोक पाळणा लांबवतात अशी तुमचीच तक्रार होती ना? मीही लांबवला."

बायका तोंडावर हात धरून हसल्या. मालक चिडले. "कुणाच्या मापाचा केलायस?"

"माझ्या बायकोच्या. पोरासकट मावेल."

हसू तिथंच विरलं. मालक लालबुंद होऊन म्हणाले, उद्यापासून गेटात पाय ठेवायचा नाही. तेवढ्यात मुकादम त्यांच्या कानाला लागला: दुसरा सुतार शोधून मिळणार नाही, होते ते साथीत गेले. मालकांनी आपला शब्द गिळला. तो गिळताना बघून मिस्त्रींना जे सुख झालं ते काय सांगावं.

"छोटे पाळणे करतो," मिस्त्री म्हणाले. "पण हा तुमच्या ऑफिसात राहील, दारासमोर. हा तिथून हलला, किंवा विचारणाऱ्याला तुम्ही खरं सांगितलं नाहीत, की मीही हललो."

पाळणा अजून तिथंच आहे. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, हा एवढा लांब कशाला? मालक आधी हवापाण्याचं बोलून बघतात. मग सगळं सांगावंच लागतं, कारण शेजारच्या खोलीत मिस्त्री रंधा थांबवून ऐकत असतात.