त्याच तारेखाली

सात रस्ता चौकाजवळ पेरूचा गाडा लावणारी गोजरबाई लई फटकळ, असं आजूबाजूचे दुकानदार म्हणतात. पूर्वी ती अशी नव्हती. बार्शीकडच्या खेड्यातून नवऱ्याबरोबर शहरात आली, तेव्हा गिऱ्हाइकाला भाव सांगतानाही तिचा आवाज फुटत नसे.

नवरा भीमा हा बाळासो नावाच्या कंत्राटदाराकडे फ्लेक्सचे बोर्ड चढवायचा. गेल्या साली याच चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बोर्ड उभा करताना लोखंडी चौकट वरच्या उच्च दाबाच्या विजेच्या तारेजवळ गेली. टेकलीसुद्धा नव्हती. तेवढ्यानं भीमा भाजून खाली फेकला गेला. जीव वाचला, पण उजवा हात कोपरापासून काढावा लागला. बाळासो दवाखान्यात येऊन म्हणाला, "त्यालाच भान नव्हतं." तारेतली वीज आधी बंद करून घ्यायचं भान कुणी ठेवायचं होतं, हे त्याला कुणीच विचारलं नाही. चौकशी चालू आहे म्हणतात. कुठं चालू आहे, देव जाणे.

यंदा पुन्हा त्याच पुढाऱ्याचा वाढदिवस आला. पेरू मांडता मांडता गोजरबाईनं समोर पाहिलं, तर त्याच तारेखाली बाळासोची माणसं तसलीच चौकट उभी करत होती. अक्कलकोटकडून नवाच कामाला आलेला शरणबसव शिडीवर चढला होता.

हातातले पेरू टाकून ती धावली.

"खाली उतर! आदी खाली उतर!"

शरणबसव गडबडीनं उतरला. तिनं शिडी आडवी पाडली आणि तिच्यावरच बसकण मारली.

"मावशी, उठा बरं," बाळासो खेकसला. "सायेब यायच्या आत बोर्ड लागला पायजे."

"लाईट बंद केलीया का?"

"पाच मिंटाचं काम हाय की."

"माज्या मालकाचा हात जायाला तेवढी बी लागली न्हाईत! वाढदिवस त्येंचा, अन् जळायचं आमी व्हय रं?"

शरणबसव बाळासोकडे बघतच राहिला. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं दोर खाली टाकला आणि म्हणाला, "मी न्हाय चढत." बाकीचे दोघेही बाजूला झाले.

शेवटी तारेपासून लांब, एका बंद दुकानाच्या भिंतीला बोर्ड बांधला. पुढारी आला, फोटो काढून गेला.

"कशाला भांडतीस?" संध्याकाळी भीमा म्हणाला. "धंदा बसंल आपला."

"बसू दे." गोजरबाई म्हणाली. "लागला की न्हाय भिंतीला? गेल्या साली बी तितंच लावला असता तर काय झालं असतं वो?"