उतार, उतारा आणि पायउतार

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते अडून साचतात. आमच्या गल्लीत प्रत्येक इमारतीने आपली गाडी सुखाने आत शिरावी म्हणून फाटकासमोर काँक्रीट ओतले. त्याने पावसाळी गटाराची तोंडे बुजली आणि साऱ्या गल्लीचा पाचोळा तिथे येऊन थांबू लागला. पाचोळ्याबरोबर किस्सेही! फरक इतकाच, की गटार उपसले की मोकळे होते. किस्से उपसले की वाढतात.

हडपसरच्या बाजूच्या ह्या गल्लीत, कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात, दर रविवारी सकाळी आमची बैठक जमते. मी निवृत्त शिक्षक. विषय संस्कृत आणि मराठी. राऊत इथले मूळचे. गल्लीच्या जागी शेत होते तेव्हापासूनचे. आणि हमीदभाई. बुधवार पेठेत घड्याळे दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. मधुमेहाने एक पाय नेला आणि चाकांची खुर्ची दिली. मुलगा इरफान रविवारी त्यांना ढकलत घेऊन येई. इतर दिवशी त्याला कामावर जायचे असे.

"वा! आज हमीदभाईंना लवकर आणलं!" मी एकदा म्हणालो.

"सर, तुम्ही व्याकरणवाले," हमीदभाई बशीत चहा ओतत म्हणाले, "तुम्हीच बघा. मला आणतात. मला यायचंय!"

कर्ता आणि कर्म यांतला भेद मी आयुष्यभर फळ्यावर समजावला. इतक्या थोडक्यात तो मला कधीच मांडता आला नव्हता.

खुर्ची स्वतः चालवण्याइतके बळ त्यांच्या हातांत होते. नव्हता तो पदपथ. म्हणजे होता, पण तुकड्यातुकड्यांनी. प्रत्येक फाटकापाशी तो कापून रस्त्याकडे तिरपा केलेला. खुर्ची त्या तिरप्या काँक्रीटवर आली की चाके आपोआप रस्त्याकडे, म्हणजे येणाऱ्या बसकडे, वळत. आपल्या फाटकापासून चहाच्या दुकानापर्यंत कोणी न ढकलता यायचे, एवढेच हमीदभाईंना हवे होते. आम्ही कंबर कसली.

*

पहिला पेच शब्दाचा. तक्रार करायची तर त्या वस्तूला नाव हवे!

"ड्राइव्ह-वे म्हना की," राऊत म्हणाले.

ज्या वस्तूला आपल्या भाषेत नाव नाही, तिच्याविरुद्ध आपल्या भाषेत तक्रार कशी करणार, असे माझे मत. मी सुचवले, "वाहनप्रवेशिका."

राऊतांनी तो शब्द मनातल्या मनात आडवा पसरून पाहिला. "सर, ह्यो शब्दच फूटपाथ अडवतोय की!"

अखेर साधा शब्द ठरला: उतार. त्यावर हमीदभाईंची हरकत. "उतार तुम्हाला, गाडीतून बाहेर पडणाऱ्याला. माझ्या खुर्चीला पुढे चढ लागतो."

"मग काय लिहायचं?"

"लिहा उतारच. तक्रार चढ्या आवाजात करू!"

*

तक्रारीवरून क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंता, मेश्राम मॅडम, पाहणीला आल्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या. एरवी त्यांचे बोलणे शुद्ध कार्यालयीन. राग आला की गाव डोकावे.

त्यांनी नियम सांगितले, आणि मला मान्य केले पाहिजे की एकही शब्द वाया न घालवता सांगितले. पदपथ फाटकासमोरूनही त्याच पातळीत, सलग जायला हवा. गाडी चढण्यापुरता आखूड उतार कडेला; उरलेला सगळा फाटकाच्या आत, ज्याच्या त्याच्या जागेत. पृष्ठभाग खरखरीत. फाटक आत उघडणारे. गटार मोकळे. बाहेर पडणाऱ्या चालकाला चालणारा माणूस आधी दिसला पाहिजे. सगळ्यांनी आपापले काँक्रीट काढले, तर सलग पदपथ बांधून मिळेल. एकाचेही राहिले, तर हमीदभाई तिथेच अडणार.

"अहो मॅडम, पण माझ्या गाडीचं पोट घासेल ना!" हे परांजपे. चहाच्या दुकानाला लागून असलेल्या सोसायटीचे अध्यक्ष. मी त्याच सोसायटीचा सभासद, त्यामुळे त्यांचा आवाज मला भिंतीपलीकडूनही ओळखू येतो.

मॅडमनी गाडीकडे पाहिले, मग परांजप्यांकडे. "मग गाडीले डाएटवर ठेवा न, बाप्पा! फूटपाथ काऊन कापता?"

*

राऊतांचे फाटक बाहेर, थेट पदपथावर उघडे. त्यामागे शास्त्र होते. "घरात लक्षुमी यायची तर फाटक भाईर उघडाय पायजे. आमचा आजा सांगायचा."

पुढच्या रविवारी इरफान खुर्ची ढकलत येत असताना नेमके ते फाटक धाडकन उघडले आणि खुर्चीच्या पायटेकणीवर आदळले. राऊत घाबरून बाहेर धावले. हमीदभाई शांतपणे म्हणाले, "राऊत, लक्ष्मी यायची असली की आधी फोन करत जा. मी बाजूला होईन!"

त्याच दुपारी बिजागऱ्या फिरल्या. संध्याकाळी राऊत माझ्याकडे आले, चेहरा उतरलेला. "सर, फाटक आत उघडतंय आता. पर लक्षुमीचं काय?"

"राऊत, आत उघडणारं फाटक 'या' म्हणतं. बाहेर उघडणारं 'सरका' म्हणतं. लक्ष्मी कुठे थांबेल?"

हे वाक्य राऊतांनी गल्लीतल्या प्रत्येक फाटकाशी जाऊन ऐकवले आणि एकामागून एक फाटके फिरवली. वाक्य कोणाचे, हे सांगायला मात्र ते प्रत्येक ठिकाणी विसरले!

*

परांजप्यांनी उतार काढण्याऐवजी सजवला. काळाभोर, चकचकीत ग्रॅनाइट! 'खरखरीत' या शब्दाची मी आठवण करून दिली, तेव्हा म्हणाले, "तो नियम सामान्य काँक्रीटसाठी. ही सौंदर्यदृष्टी आहे."

एका रविवारी सकाळी त्यांची गाडी धुऊन झाली, पाणी ओघळत ग्रॅनाइटवर आले आणि पाठोपाठ वर्तमानपत्र घ्यायला अध्यक्ष आले. पुढच्या क्षणी ते सौंदर्यदृष्टीवर बसलेले होते. सुदैवाने लागले फक्त अभिमानाला.

समोरून येणाऱ्या हमीदभाईंनी इरफानला थांबवले. "अध्यक्ष, जागा घेतलीच आहे, तर सभा सुरू करायची का?"

*

गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन करायचे ठरले. मजकूर मी तोंडी सांगितला, राऊतांनी टाइप केला: "आपल्या फाटकासमोरील उतार रविवारपर्यंत काढून टाकावा." राऊतांचे बोट भक्कम. त्याने 'उतार'ला एक काना जास्त दिला आणि गल्लीभर फर्मान गेले: "आपल्या फाटकासमोरील उतारा रविवारपर्यंत काढून टाकावा."

अहो, काय ती धावपळ! आपल्या दारात लिंबू-नारळ ओवाळून कोणी टाकला, याच्या शोधात गल्ली झोपेतून उठली. फाटके धुतली गेली, गोमूत्र शिंपडले गेले, समोरासमोरच्या दोन खिडक्यांचे बोलणे बंद झाले. काँक्रीटला कोणी हात लावला नाही; पण आमचा पदपथ, जेवढा होता तेवढा, इतका स्वच्छ पूर्वी कधीच नव्हता.

रविवारी मेश्राम मॅडम आल्या. परांजपे छाती काढून उभे. "मॅडम, सूचनेचं तंतोतंत पालन झालंय. एकही लिंबू शिल्लक नाही!"

मॅडमनी ग्रॅनाइटकडे बोट केले. "अन् हे काळं लिंबू कोणाचं आहे, बाप्पा?"

राऊत माझ्या कानाशी लागले. "सर, येका कान्यात काय येवढं?"

"एका कान्यात ना?" मी म्हणालो. "मग उद्यापासून चारचौघांत तुम्हाला 'राऊता' म्हणू का?"

पुढची सूचना मी स्वतः टाइप केली. पुढल्या काही आठवड्यांत एकेक काँक्रीट फुटत गेले.

*

उरले एकटे परांजपे. आत उतार घ्यायचा तर त्यांच्या गुलाबांच्या वाफ्यातून घ्यावा लागत होता. आणि गुलाब हा त्यांचा जीव. हे मी त्यांच्या बाजूने सांगतो, कारण ते खरे आहे.

सोसायटीच्या सभेत विषय निघाला. गुलाब कुंड्यांत हलवू, आम्ही सगळे मिळून हलवू, असे सभासद परोपरीने सांगत होते. परांजप्यांनी टेबलावर मूठ आपटली. "मी अध्यक्ष असेपर्यंत हा उतार इथून हलणार नाही!"

वाक्य निर्दोष होते. अट स्पष्ट, परिणाम स्पष्ट. सभासदांनी त्यातली अट काळजीपूर्वक तपासली.

पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी चष्मा नीट केला. "अहो परांजपे, एवढंच अडतंय का?"

आणि भराभर हात वर झाले! इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. "अध्यक्ष पायउतार झाले, तदनंतर उतारही." इतके नेमके वाक्य लिहिण्याची संधी आयुष्यात एकदाच येते. मी ती सोडली नाही.

मौज पुढे आहे. काम सुरू झाले त्या सकाळी फाटकापाशी खणखणीत आवाज घुमला: "अहो, पातळी बघा, पातळी! तिकडे अर्धं बोट वर आहे!" परांजपे! हातात पातळी तपासायची पाणसळ, पाठीमागे कुंड्यांत दिमाखाने उभे सगळे गुलाब. काँक्रीट ओतणारे मजूर जेवायला गेले तरी ते हलले नाहीत. सत्ता गेल्यावर माणूस कामाला लागतो, हे मी पुस्तकांत वाचले होते, पाहिले प्रथमच.

*

पदपथ सलग झाला, आणि मग तो मंगळवार. रविवार नव्हे, मंगळवार! इरफान कामावर गेला होता. आदल्या दिवशी हमीदभाईंचा फोन आला होता: "उद्या सकाळी दुकानावर थांबा. घ्यायला कोणी यायचं नाही."

राऊत दोनदा उठले. दोन्ही वेळा मी त्यांना सदरा धरून खाली बसवले. मेश्राम मॅडम पाहणीच्या निमित्ताने आल्या होत्या, पण पाहत होत्या फक्त गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे.

खुर्ची दिसली. चाकांवर दोन हात, डोक्यावर नेहमीची टोपी. पहिले फाटक गेले. राऊतांचे फाटक गेले. ते आतल्या आत शहाण्यासारखे मिटलेले होते. घड्याळाच्या काट्याला असते तशी एकसारखी गती. राऊत पुटपुटत होते, "चल बाबा, चल."

इतक्यात परांजप्यांच्या फाटकातून गाडीचे नाक डोकावले. पण गाडीसमोर दोन्ही हात पसरून एक गृहस्थ उभे राहिले आणि ओरडले, "थांब! आधी फूटपाथ!" गाडी परांजप्यांची. चालवणारा त्यांचा मुलगा. हात पसरलेले परांजपे!

हमीदभाईंनी मान वळवली नाही, वेग कमी केला नाही. दुकानाशी आले. ब्रेक लावला.

"आलो," ते म्हणाले.

मॅडम रस्त्याच्या कडेचे गटार फार बारकाईने तपासू लागल्या. राऊतांनी जे ग्लास त्यांचे नव्हते ते पुसायला घेतले. मी हमीदभाईंच्या बशीत चहा ओतला.

तेवढ्यात धापा टाकत परांजपे पोहोचले. कपाळावर घाम, डोळ्यांत उत्सुकता. "काय हमीदभाई! आमच्या फाटकापाशी कसं वाटलं? खरं सांगा हं. चढ लागला, की उतार?"

हमीदभाईंनी बशी उचलली, सावकाश फुंकर घातली, एक घोट घेतला.

"तुमचं फाटक?" ते म्हणाले. "ते कुठे लागलं वाटेत?"