हॉलंडहून आलेला नांगर

पुराचं पाणी आमच्या गल्लीत दुसऱ्यांदा शिरलं, तेव्हा शेजारच्या काकूंचा एक पाय होडीत होता आणि दुसरा गॅलरीच्या कठड्यावर. मदतीला आलेल्या पोरांनी होडी विजेच्या खांबाला बांधली होती. पण खांबच हलायला लागला म्हणून त्यांनी दोर सोडला आणि होडी काकूंचा एक पाय घेऊन निघाली. काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी खाली बघून एवढंच विचारलं, "आता मी कुठल्या बाजूला येऊ?" पोरांनी त्यांना कमरेला धरून आत ओढलं. कठड्यावरची चप्पल पंचगंगेला गेली.

पाणी ओसरलं, घरं धुऊन झाली, मग अण्णांच्या कट्ट्यावर गल्लीची बैठक भरली. अण्णा म्हणजे काकूंचे यजमान, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. वाहन वेळेवर नसणं हेच जगातल्या बहुतेक अडचणींचं कारण, असं त्यांचं मत.

"आपली सोताची बोट पायजे," अण्णा म्हणाले. "आनि थांबनारी पायजे. पळनारी बोट कुनीबी आनंल."

मी बँकेत नोकरी केलेली, फोनवर इंग्रजीत बोलू शकतो, म्हणून खरेदी माझ्या गळ्यात पडली.

बोट लवकर मिळाली. एका तळ्यावरच्या बोटिंगवाल्याने मोडीत काढलेला, पायडल मारून चालवायचा पांढरा हंस होता तो. मान तुटलेली होती. मी जरा कां कूं केलं, तर अण्णा म्हणाले, "मान कशाला पायजे? पुरात काय फोटो काढायचाय?" हंस टेम्पोतून आणला. सिग्नलला थांबलो तर एका म्हातारीने हात जोडून विचारलं, "कुठल्या देवीचं वाहन हाय ओ?" अण्णांनी खाली वाकून सांगितलं, "आमच्या गल्लीतल्या."

आता त्याला थांबवायला नांगर हवा होता. मी बाजारात गेलो.

"नांगर हाय काय?"

"हाय की," दुकानदार उठला. "बैलाचा का ट्रॅक्टरचा?"

"होडीचा."

तो परत खाली बसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "पावणं, पान्यात काय पेरनार?"

पुढची चार दुकानंही अशीच गेली. एकाने तर आत नेऊन नवा लोखंडी नांगर दाखवला, फाळावर हात फिरवायला लावला आणि सांगितलं की हा पाण्यात टाकला तरी गंजणार नाही. शेवटी कुणीतरी मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा नंबर दिला. त्याच्याकडे बोटीचं सगळं सामान मिळतं म्हणे. त्याने फोनवर नांगराची किंमत सांगितली. ती हंसाच्या किमतीहून जास्त होती.

"एवढी कशी हो?" मी विचारलं. "बिनइंजिनाचा लोखंडाचा गोळा तो."

माणूस सज्जन होता. त्याने समजावून सांगितलं. माल बाहेरून येतो. जड, म्हणून भाडं वाढतं. त्यावर आयातीचा कर, त्यावर आणखी कर. मग तो गोदामात वर्षानुवर्षं पडून राहतो, कारण घेणार कोण? ज्याची स्वतःची यॉट आहे तो. आणि तो किंमत विचारत नाही. "विचारणारे तुम्हीच पहिले," तो म्हणाला.

"पण आमच्याकडे पूर येतो."

"येत असेल. पण बोट म्हटली की चैनीची वस्तू, साहेब."

मी त्याला काकूंच्या पायाची हकिकत सांगितली. त्याने सहानुभूतीने ऐकली आणि विचारलं, "बोट कुठल्या प्रकारची आहे काकूंची?"

"हंस."

"हा कुठल्या देशाचा मेक?"

माझी भाची हॉलंडमध्ये असते, कालव्याकाठच्या एका गावात. तिला मी मेसेज केला, तिकडे नांगर मिळतो का बघ. नोकरी सोडून शेती करायला निघालेल्या माणसाशी बोलावं तसं ती बोलायला लागली, "मामा, तब्येत बरी आहे ना?" खुलासा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने फोटो पाठवला. सायकलच्या पंपाच्या शेजारी मांडलेला काळा, उलट्या छत्रीसारखा नांगर आणि त्याची किंमत. मुंबईच्या भावाच्या चौथा हिस्सा.

मी तिला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. अण्णा जवळ सरकले.

"इथे शेजारच्या आजीकडेपण बोट आहे, मामा. सगळेच घेतात. आपल्याकडे बटाटे मिळतात तसे इथे नांगर मिळतात."

"त्यांच्यात पूर लई येतो वाटतं," अण्णा म्हणाले.

"नाही हो अण्णा, पूर येऊ नये म्हणून बांध घातलेत त्यांनी."

"मग बोट कशाला?"

"फिरायला. रविवारी."

अण्णा उठून आत गेले. काकूंना सांगताना त्यांचा आवाज बाहेर ऐकू आला, "पूर हाय तितं म्हाग आनि पूर न्हाय तितं सवस्त. पुढच्या पुरात चप्पल हातात घे, आनि बस."

दिवाळीला भाची आली ती बॅगेत नांगर घेऊन. वजनात बसवण्यासाठी तिने स्वतःचे कपडे तिकडेच ठेवले होते. दिवाळीभर ती माझ्या बायकोच्या साड्या नेसून फिरली. विमानतळावर बॅग उघडायला लावली होती. तिथला माणूस मराठी निघाला. "हे काय?" "नांगर." त्याने तो दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि वाईट वाटून म्हणाला, "ताई, हा तुम्हाला चुकीचा दिला. ह्याने नांगरता येणार नाही."

पाडव्याला अण्णांच्या घरी नांगराची पूजा झाली. पाटावर नांगर, त्याला हळदकुंकू, पुढे नारळ. जेवायला काकूंचा धाकटा भाऊ आला होता. अण्णांचा मेव्हणा, म्हणून सगळी गल्ली त्याला पावणं म्हणते. तीस वर्षं फौंड्रीत मोल्डर. वाळूत पॅटर्न म्हणजे नमुना दाबून त्या ठशात लोखंड ओतायचं, हे त्याचं काम. बोलायला कमी, जेवायला सावकाश.

ताटावरून उठून हात धुऊन तो पाटापाशी आला आणि नमस्काराला वाकला तो वाकलेलाच राहिला.

"ही छत्री हितं कशी?"

"छत्री न्हवं, नांगर हाय," अण्णा म्हणाले. "हॉलंडचा."

पावण्याने नांगर उलटा केला. हळदकुंकू त्याच्या शर्टावर सांडलं. कडेवरून त्याने अंगठा फिरवला, एका जागी थांबला आणि खिशातल्या किल्लीने तिथला काळा रंग खरवडला. खाली गव्हाएवढा एक खळगा होता.

"ह्यो माझा हाय," तो म्हणाला.

"काय म्हन्तोस?"

"पॅटर्नला हितं टवका गेलाय. दर नगावर ह्यो खळगा पडतोय. चार वर्सं सांगतोय मालकाला, पॅटर्न बदला. म्हन्तोय, भाईरच्या पार्टीला चालतंय." त्याने नांगर मांडीवर घेतला. "आमी ह्याला छत्री म्हन्तो. भाईरच्या देशात बागंत छत्र्या लावत्यात न्हवं, तिचं बूड असंल असं वाटायचं. किती हजार केल्या असतील मी! ह्यो पान्यात टाकत्यात व्हय?"

पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर ओतलेलं लोखंड समुद्र ओलांडून गेलं होतं आणि माझ्या भाचीच्या कपड्यांच्या जागी बसून परत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णा फौंड्रीच्या मालकाकडे गेलो. हंसाला पुढून एक नांगर झाला होता, मागून आणखी एक हवा होता. मालकाने चहा पाजला, पण नांगर द्यायला नाही म्हणाला. पॅटर्न बाहेरच्या पार्टीचा. एक नगसुद्धा इथे विकायचा नाही, असा करार. "तुम्ही तिकडून मागवा," तो म्हणाला, "मी तिकडेच पाठवतो."

बाहेर पडताना तोच हळूच म्हणाला, रिजेक्ट झालेला माल आम्ही भंगारात काढतो, त्यातला एखादा मिळाला तर न्या. वजनावर. म्हणजे तोच नांगर, आता तिसऱ्याच भावाने. अण्णा खूश झाले. संध्याकाळी त्यांनी मेव्हण्याला बोलावलं.

"पावणं, एक रिजेक्ट काढा. जरा वाकडा ओता."

पावण्याचा चेहरा उतरला. "दाजी, माझा माल रिजेक्ट हुत न्हाय."

"आरं, मुद्दाम कर की. बहिणीसाठी."

"बहिणीसाठी जीव दीन. वाकडं ओतनार न्हाय."

काकू दारातून भावाकडे बघत होत्या. "नगं करूस," त्या म्हणाल्या. "एकच बास हाय." विषय तिथे मिटला. अण्णा मात्र पुढचे दोन दिवस मेव्हण्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बिनमानेचा हंस नदीत सोडला. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका काम थांबवून बघायला लागल्या. पायडलवर मी आणि अण्णा होतो. पावणं पाण्याला भितो, हे आम्हाला माहीत होतं, म्हणून त्याला चल असं कुणी म्हटलं नव्हतं. पण तो पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून, नांगर छातीशी धरून आत येऊन बसला. डोळे मिटलेले.

मधोमध आल्यावर अण्णांनी फर्मावलं, "टाका!"

पावण्याने डोळे उघडले. नांगर कडेवरून अलगद, लेकरू खाली ठेवावं तसा, पाण्यात सोडला. दोर त्याच्या हातातून सरसरत गेला आणि ताठ झाला. हंस थोडा फिरला, मग गपकन थांबला. पाणी दोन्ही अंगांनी पुढे जात होतं, आम्ही जागच्या जागी होतो.

"थांबली की ओ," पावणं म्हणाला.

त्याने दोर हलवून बघितला. पुन्हा हलवून बघितला. ऊन वर आलं. अण्णांनी परत फिरायचं म्हणून दोनदा सांगितलं. मेव्हण्याशी ते त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच सरळ बोलत होते.

"जरा बसू की दाजी," तो दोराला धरून म्हणाला. "धरलंय त्यानं."

आम्ही बसलो.